ओडेसाची शिकवणी, ओहायोचा उन्हाळा

रशियातल्या यादवी युद्धाच्या धामधुमीत ओडेसा शहरात चलनी नोटांना किंमत उरली नव्हती. त्यामुळे सामुइल शातुनोव्स्की या गणिताच्या प्राध्यापकाला शिकवणीची फी मिळाली ती पौंडभर फ्रेंच गोळ्यांच्या रूपात. शिकवणी खरं तर एका घरातल्या हुशार मुलासाठी ठरवली होती. पण त्याच्या नात्यातल्या अर्नॉल्डनं ‘मीही बसतो’ म्हणून हट्ट धरला आणि त्यालाही जागा मिळाली. शातुनोव्स्कींच्या शिकवणीत पाठ्यपुस्तक नव्हतं, व्याख्यानही नव्हतं. प्राध्यापक नेमका प्रश्न विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प राहायचे.

हा अर्नॉल्ड मूळचा शिकागोचा. जन्म २४ ऑगस्ट १९०६ चा. तीन वर्षांचा असताना आई त्याला घेऊन ओडेसाला गेली, मग महायुद्ध आणि क्रांती यांत मायलेक तिथंच अडकले. १९२२ मध्ये सोळाव्या वर्षी तो एकटा शिकागोला परतला. खायमोविच हे आडनाव त्यानं रॉस असं करून घेतलं आणि शिकागो विद्यापीठात नाव घातलं. तिथं त्याला गुरू भेटले ते ई. एच. मूर. तेही विद्यार्थ्यांकडूनच प्रमेयं सिद्ध करून घेण्याच्या बाजूचे. म्हणजे समुद्र ओलांडूनही शिकवणीची पद्धत फारशी बदलली नाही. १९३१ मध्ये एल. ई. डिक्सन यांच्या हाताखाली पीएच.डी. झाली ती ऐन महामंदीत, आणि पदवी हाती असूनही नोकऱ्या नव्हत्या. पुढं सेंट लुइस विद्यापीठात जम बसला आणि १९४६ मध्ये रॉस इंडियाना राज्यातल्या नोत्र दाम विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले.

१९४७ पासून ते तिथं शाळाशिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग घेऊ लागले. दहा वर्षांनी, १९५७ च्या उन्हाळ्यात, त्यांनी शाळकरी मुलांनाच विद्यापीठात राहायला बोलावलं. अमेरिकेत तेव्हा अशी राहण्याची उन्हाळी शिबिरं अगदीच नवी नव्हती. टेल्युराइड असोसिएशननं १९५४ पासून कॉर्नेल विद्यापीठात निवडक मुलांना सहा आठवडे फुकट ठेवून घेऊन साहित्य आणि समाजविज्ञानाची चर्चासत्रं चालवली होती. रॉस यांचं वेगळेपण एवढंच की त्यांनी अख्खा उन्हाळा एकाच विषयाला दिला, आणि त्यातही एकाच शाखेला : संख्या सिद्धांत.

त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला सोव्हिएत रशियानं स्पुतनिक उपग्रह सोडला आणि अमेरिकेची झोप उडाली. आपली पोरं गणित-विज्ञानात कच्ची राहिली, अशी ओरड सुरू झाली. नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेचं वार्षिक अंदाजपत्रक १९५८ मध्ये ४ कोटी डॉलर होतं, ते पुढच्याच वर्षी १३.४ कोटींवर गेलं. देशभरच्या विद्यापीठांत शाळकरी मुलांसाठी उन्हाळी वर्ग निघाले, आणि रॉस यांच्या शिबिरालाही या संस्थेचा आधार मिळाला. यातली गंमत मात्र फारशी कुणी बोलून दाखवली नसावी. रशियाच्या धाकानं उघडलेल्या तिजोरीतला पैसा ज्या पद्धतीवर खर्च होत होता, तिचं बीज ओडेसातल्या त्या फ्रेंच गोळ्यांच्या शिकवणीत होतं.

शिबिराचा मुक्काम आठ आठवड्यांचा असे. आता तो सहा आठवड्यांचा आहे. रोज सकाळी एक व्याख्यान, आणि हातात प्रश्नांचा एक कागद. उरलेला दिवस आणि बरीचशी रात्र मुलांची. पाठ्यपुस्तक नाही. कागदावरचे प्रश्न दिसायला पोरकट वाटावेत असे. उदाहरणार्थ, कोणत्या मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेनं मांडता येतात? मूल आकडे मांडायला बसतं. ५ म्हणजे १ आणि ४. १३ म्हणजे ४ आणि ९. १७ म्हणजे १ आणि १६. २९ म्हणजे ४ आणि २५. पण ३, ७, ११, १९ काही केल्या जमत नाहीत. वहीची दोन पानं भरली की लक्षात येतं, २ सोडली तर जमणाऱ्या संख्यांना ४ नं भागलं तर बाकी १ उरते आणि न जमणाऱ्यांची बाकी ३ येते. ही झाली अटकळ. आता ती सिद्ध करायची.

अर्धं काम सोपं आहे. कोणत्याही वर्गाला ४ नं भागलं तर बाकी ० किंवा १ च उरते. तेव्हा दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ०, १ किंवा २ येईल, ३ कधीच येणार नाही. चौदा वर्षांचं मूल हे एका दुपारी शोधून काढतं आणि वसतिगृहाच्या जिन्यावर भेटेल त्याला ऐकवतं. उरलेलं अर्धं मात्र घाम काढतं. बाकी १ उरणारी प्रत्येक मूळ संख्या अशी मांडता येते, हे फेर्मानं १६४० मध्ये एका पत्रात लिहून ठेवलं होतं, पण त्याची सिद्धता ऑयलरच्या हाताला लागायला शंभराहून जास्त वर्षं गेली. शिबिरातल्या मुलाला तिथवर पोचायला काही आठवडे मिळतात. वाटेत युक्लिडची भागाकाराची रीत येते, बाक्यांचं अंकगणित येतं, गाउसचे पूर्णांक येतात. ही नावं आधी सांगितली जात नाहीत. मुलाला गरज पडली की ती त्याच्यापुढं येतात.

‘साध्या गोष्टींचा खोलवर विचार करा’ हे रॉस यांचं ब्रीद त्यांच्या माजी विद्यार्थ्यांच्या तोंडी आजही असतं. शिबिर टिकलं त्याला मात्र ब्रीदापेक्षा एक व्यवस्था जास्त कारणीभूत असावी. पहिल्या वर्षी आलेल्या मुलांपैकी काहींना पुढच्या उन्हाळ्यात परत बोलवायचं. ती मुलं आणखी वरचं गणित शिकत नव्यांना हात देतात आणि कॉलेजात गेल्यावर काउन्सेलर होऊन येतात. काउन्सेलर मुलांसोबत वसतिगृहातच राहतो, रोज त्यांचे कागद तपासतो आणि सिद्धतेतलं भोक दाखवून कागद परत करतो, पण भोक बुजवून देत नाही. आखाड्यात वस्तादाच्या नजरेखाली थोरल्या पठ्ठ्यांनी धाकट्यांना खेळवावं, तसाच हा प्रकार. प्राध्यापक एक आणि मुलं बरीच, हा हिशोब त्यामुळंच जमला.

१९६३ मध्ये रॉस ओहायो स्टेट विद्यापीठात गेले आणि पुढच्या वर्षी शिबिरही त्यांच्यामागोमाग कोलंबस शहरी आलं. ऑस्ट्रेलियात १९६९ पासून कॅनबेराच्या विद्यापीठात शाळकरी मुलांचं असंच उन्हाळी गणित शिबिर भरत होतं, तिथंही रॉस १९७५ नंतर काही वर्षं शिकवायला जात. तिकडचा उन्हाळा जानेवारीत, त्यामुळे या माणसाच्या वाट्याला वर्षाचे दोन उन्हाळे आले. पश्चिम जर्मनीत आणि भारतातही त्यांनी या धर्तीचे वर्ग उभे करायला हातभार लावला.

दरम्यान हुशार पोरांचं काय करायचं, याचं अगदी उलटं उत्तरही अमेरिकेत तयार होत होतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली हे मानसशास्त्रज्ञ होते. एका तेरा वर्षांच्या मुलानं कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत थक्क करणारे गुण मिळवले, तेव्हा त्यांनी त्याला थेट विद्यापीठातच दाखल करून घ्यायला लावलं. १९७१ मध्ये त्यांनी अशा मुलांचा पद्धतशीर शोध सुरू केला आणि १९८० पासून त्यांची निवासी उन्हाळी शिबिरं भरू लागली. तिथं तीन आठवड्यांत शाळेचं वर्षभराचं गणित संपवणारी मुलं असत. एकाचा भर वेगावर, दुसऱ्याचा खोलीवर. हॉपकिन्सचा पसारा कितीतरी मोठा झाला, आणि शाळेत कंटाळून गेलेल्या मुलांची त्यानं सुटका केली हेही खरंच. पण वर्षभराचा अभ्यासक्रम आधी संपवला की पुढचं वर्ष समोर उभं ठाकतं, एवढंच. आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत पुढच्या इयत्तेचा ‘पोर्शन’ उरकणाऱ्या क्लासवाल्यांना स्टॅन्ली ठाऊक नसतील, पण घराणं त्यांचंच.

नियमाप्रमाणे सत्तरी गाठताच, १९७६ मध्ये रॉस निवृत्त झाले, पण शिबिर काही सोडलं नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रेगन सरकारनं विज्ञानशिक्षणाच्या निधीला कात्री लावली, त्याचा फटका अशा सगळ्याच उपक्रमांना बसला. रॉस यांचं शिबिर मात्र तगलं. वयाची नव्वदी उलटल्यावरही ते फळ्यापाशी उभे असत. २००० मध्ये पक्षाघातानं त्यांना थांबवलं, मग डॅनियल शपिरो यांनी सूत्रं घेतली. २५ सप्टेंबर २००२ रोजी, ९६ व्या वर्षी रॉस गेले.

तोवर फांद्या फुटल्या होत्या. रॉस यांच्याकडे उन्हाळे काढलेल्या ग्लेन स्टीव्हन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८९ मध्ये बॉस्टन विद्यापीठात ‘प्रॉमिस’ हे सहा आठवड्यांचं शिबिर सुरू केलं. त्याची युरोपीय शाखा २०१५ पासून ऑक्सफर्डला भरते, आणि २०२३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत भारतीय शाखाही निघाली.

महाराष्ट्रातल्या गणितवेड्या मुलांना उन्हाळी शिबिर म्हटलं की आठवतं ते मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात अनेक वर्षं भरलेलं ऑलिम्पियाडचं शिबिर. भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये उतरतो आणि १९९६ ची स्पर्धा तर मुंबईतच झाली होती. देशभरातून निवडलेली मुलं तिथं एकत्र राहतात, आणि शेवटी त्यांच्यातून सहा जणांचा संघ निघतो. मैत्र्या तिथंही जुळतात, रात्री तिथंही जागवल्या जातात. पण प्रत्यक्ष स्पर्धेत साडेचार तासांत तीन प्रश्न, असे दोन दिवस असतात, आणि तयारीला साहजिकच घड्याळाचा वास येतो. रॉस यांच्या वंशातल्या शिबिरांत घड्याळही नाही आणि क्रमांकही नाही.

प्रवेशाची रीतही त्याला धरूनच आहे. अर्जासोबत प्रश्नांचा एक संच येतो. तो घरी बसून, सवडीनं, स्वतःच्या डोक्यानं सोडवायचा. सगळे प्रश्न सुटायलाच हवेत असं नाही. कुठवर पोचलात आणि काय काय करून पाहिलंत, तेही सविस्तर लिहून पाठवायचं असतं.