बर्फाच्या रिंकविना कर्लिंग : एका खेळाच्या पुनरुज्जीवनाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

ग्रॅनाइटचा जड दगड बर्फावरून सरकवत नेऊन तो दूरवरील वर्तुळाच्या मध्याशी थांबवणे, हा कर्लिंग या खेळाचा गाभा होय. दगडाचे वजन सुमारे १७ ते २० किलो आणि बर्फाच्या पट्टीची लांबी सुमारे ४५ मीटर असते. स्कॉटलंडमधील पेस्ली येथील मठाच्या १५४१ मधील एका लॅटिन नोंदीत, मठातील एक साधू व मठाधिपतींचा एक नातेवाईक यांच्यात बर्फावर दगड टाकण्याची चुरस लागल्याचा उल्लेख सापडतो. थंड हवामान असलेल्या देशातच हा खेळ टिकतो, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. तथापि या खेळाचा इतिहास पाहता हे गृहीतक अर्धेच खरे ठरते. प्रस्तुत लेखात स्कॉटलंडचा अनुभव व त्याच्या प्रकाशात आयर्लंडचे उदाहरण यांचा विचार केला आहे.

तळ्यावरून छताखाली

स्कॉटलंडची थंडी मुळातच बेभरवशाची. खोल तळे खेळण्याजोगे गोठण्यास कित्येक दिवसांचे सलग हिम लागते आणि ते दरवर्षी मिळत नाही. लार्ग्ज येथील जॉन केर्नी यांनी या अडचणीवर १८२८ च्या सुमारास तोड काढली. चोपून घट्ट केलेल्या उथळ जमिनीवर पाण्याचा पातळ थर सोडायचा, म्हणजे एका रात्रीच्या थंडीतही खेळता येते. स्फोटात एक हात गमावलेल्या या गृहस्थांनी १८३३ मध्ये कृत्रिम तळी बांधण्याविषयी निबंधच प्रसिद्ध केला. पुढे १८३८ मध्ये एडिंबरो येथे ग्रँड कॅलेडोनियन कर्लिंग क्लब स्थापन झाला, तेव्हा पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. निसर्गाने न दिलेला बर्फ माणसाने घडवायचा, हा विचार या खेळात इतका जुना आहे.

याच क्लबच्या इतिहासातील एक प्रसंग येथे नोंदवणे अगत्याचे वाटते. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरिया स्कोन येथील प्रासादात आल्या असता त्यांना कर्लिंगचे प्रात्यक्षिक दाखवण्यात आले, ते बर्फावर नव्हे, तर दिवाणखान्याच्या गुळगुळीत लाकडी फरशीवर! पुढील वर्षी क्लबला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. राजाश्रय लाभला तो अशा रीतीने बर्फाविना.

फोर्थ नदीच्या उत्तरेचे व दक्षिणेचे खेळाडू यांच्यातील ‘ग्रँड मॅच’ १८४७ मध्ये पेनिक्विक येथे सुरू झाली. त्यानंतर क्लबने कार्सब्रेक येथे स्वतःचे तळेच तयार करवले. तेथे १८५३ ते १९३५ या काळात सामने झाले आणि खेळाडूंसाठी रेल्वेने खास थांबाही दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र खुल्या तळ्यावरील हा सामना केवळ १९५९, १९६३ व १९७९ मध्ये होऊ शकला. २०१० च्या कडाक्याच्या थंडीत लेक ऑफ मेंटीथ गोठले. तरीही सुरक्षिततेच्या कारणास्तव सामना झाला नाही.

खेळ मात्र थांबला नाही, कारण तोवर तो छताखाली गेला होता. इंग्लंडमधील साउथपोर्ट येथे १८७९ मध्ये यंत्राने गोठवलेल्या बर्फावर कर्लिंग झाले. ग्लासगोतील क्रॉसमायलूफची रिंक १९०७ मध्ये व एडिंबरोतील हेमार्केटची रिंक १९१२ मध्ये सुरू झाली. थंडी गेली तरी रिंक होती, म्हणून परंपरा राहिली.

आयर्लंडचे उदाहरण

आयर्लंडचे हवामान पश्चिम स्कॉटलंडहून फारसे भिन्न नाही. फरक आहे तो रिंकचा. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात कायमस्वरूपी बर्फाची रिंक नाही. डंडॉक येथे २००७ मध्ये आइस हॉकीच्या जागतिक स्पर्धेचा तिसऱ्या विभागाचा टप्पा झाला. ती रिंकही काही वर्षांतच बंद पडली. अशा स्थितीत एकविसाव्या शतकाच्या आरंभी आयरिश कर्लिंग संघटना उभी राहिली. तिचे खेळाडू सरावासाठी समुद्र ओलांडून स्कॉटलंडमध्ये जात. २००६ मध्ये अमेरिकेतील लॉवेल येथे झालेल्या पुरुषांच्या जागतिक स्पर्धेत आयर्लंडचा संघ उतरला. त्याचे नेतृत्व करणारे डग्लस ड्रायबर्ग १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या संघाचे कर्णधार होते.

याला पुनरुज्जीवन म्हणावे काय? संघटना आहे, ध्वज आहे, संघ आहे; पण शाळा सुटल्यावर मुलाने जाऊन दगड हाती घ्यावा अशी जागा नाही. परदेशस्थ वा परदेशी बर्फावर घडलेले खेळाडू खेळाला ओळख देतात, पुढची पिढी देत नाहीत. फिलिपिन्सचे यश याच प्रकारचे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये हार्बिन येथील आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धेत त्या देशाच्या पुरुष संघाने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला ५-३ असे हरवून सुवर्णपदक मिळवले. त्या देशाचे हे या स्पर्धेतील पहिलेच पदक. बहुतेक खेळाडू मात्र स्वित्झर्लंडमध्ये वाढलेले होते. पदकाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही, परंतु पदकाला परंपरा समजण्याची घाईही योग्य नव्हे.

रिंक असली तरी प्रश्न सुटतोच असे नाही. स्केटिंगचा बर्फ सपाट लागतो. कर्लिंगच्या बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक दाणे उठवावे लागतात, आणि दगड त्या दाण्यांवरूनच सरकतो. स्केट्सच्या पात्यांनी चिरलेल्या बर्फावर अचूक फेक करणे कठीण असते. म्हणून स्केटिंग व हॉकीसोबत वाटून घेतलेल्या रिंकवर हा खेळ नेहमीच दुय्यम राहतो. चाके वा बेअरिंग लावलेले दगड व्यायामशाळेच्या फरशीवर सरकवण्याचा पर्याय शाळांमधून वापरला जातो. स्कोनच्या दिवाणखान्याशी त्याचे नाते जवळचे आहे. डावपेच त्यातून शिकता येतात, बर्फाची जाण मात्र येत नाही.

भारतापुरते पाहता, डेहराडून येथे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी रिंक बांधण्यात आली. स्पर्धेनंतर वीज व देखभालीच्या खर्चापायी ती अनेक वर्षे बंद राहिली. २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू होऊन तेथे आशियाई पातळीवरील शॉर्ट ट्रॅक स्केटिंगची स्पर्धा झाली.