जहन्नम नावाची दरी

उर्दूच्या तासाला 'जहन्नम' हा शब्द आला की वर्गात हसू फुटते. मुलांना तो भांडणातला शब्द म्हणून माहीत असतो. फळ्यावर अर्थ 'नरक' असा लिहायचा आणि पुढे जायचे, असे मीही कित्येक वर्षे केले. पण हा शब्द मुळात एका जागेच्या नावावरून आलेला आहे आणि ती जागा आजही आहे.

जेरुसलेमच्या जुन्या शहराच्या पश्चिमेकडून दक्षिणेला वळणारी एक दरी. हिब्रूत तिला 'गे हिन्नोम' म्हणजे हिन्नोमची दरी म्हणतात. यहोशवाच्या ग्रंथात ती केवळ दोन वंशांच्या हद्दीची खूण आहे. तिथे आग नाही. आग नंतर आली आणि ती माणसांनी पेटवली.

दरीत 'तोफेत' नावाचे ठिकाण होते. आहाज आणि मनश्शे या यहूदाच्या राजांनी या दरीत आपली पोटची मुले अग्नीत अर्पण केली, असे बायबल सांगते. इसवी सनपूर्व सातव्या शतकात योशीया राजाने ते ठिकाण भ्रष्ट करून ही प्रथा मोडली. त्याच काळातला नबी यिर्मया म्हणतो की अशी आज्ञा ईश्वराने कधी दिली नाही, त्याच्या मनातही ते आले नव्हते. म्हणून ही दरी पुढे संहाराची दरी म्हणून ओळखली जाईल. जिथे लेकरे जाळली, तिथेच जाळणाऱ्यांचा न्याय होईल. ईश्वरी न्यायाचा अग्नी आणि या दरीचे नाव यांची गाठ इथे पडली. तिच्या तळाशी निष्पाप मुलांचा आक्रोश आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

ही दरी म्हणजे शहराचा सतत जळणारा उकिरडा होता, असे पुष्कळ पुस्तकांत वाचायला मिळते. याचा जुना पुरावा नाही. इ.स. १२०० च्या सुमारास दाविद किम्ही या ज्यू भाष्यकाराने तसे लिहिले आणि पुढचे लोक तेच उतरवत राहिले.

नव्या करारात हा शब्द ग्रीक रूपात, 'गेहेन्ना' म्हणून, १२ वेळा येतो. त्यांपैकी ११ वेळा तो हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांच्या तोंडी आहे आणि एकदा याकोबाच्या पत्रात, तोही जिभेविषयी! पौलाच्या पत्रांत तो एकदाही नाही. ईसा (अ.स.) हा इशारा कोणाला देतात, ते पाहावे. मूर्तिपूजक रोमन शिपायांना नाही. आपल्या शिष्यांना, आणि धर्मशास्त्र शिकवणाऱ्या पंडितांना. डोंगरावरच्या प्रवचनात तर भावाला 'मूर्ख' म्हणणाराही या अग्नीला पात्र ठरतो. आपल्याकडे दुसऱ्या मसलकाच्या माणसाला 'जहन्नमी' म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हा उतारा एकदा वाचायला हरकत नाही. (आपला अकीदा आपण कुरआनवरून ठरवतो, हे वेगळे सांगायला नको. पण कुरआनही थट्टा आणि वाईट टोपणनावांना मनाई करतोच.)

लूकच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. शोमरोनी लोकांच्या एका गावाने ईसा (अ.स.) यांना थारा दिला नाही. याकोब आणि योहान हे शिष्य संतापले. आकाशातून अग्नी पाडून यांना भस्म करू का, असे त्यांनी विचारले. ईसा (अ.स.) यांनी वळून शिष्यांनाच दटावले आणि सगळे दुसऱ्या गावाला गेले.

भाषांतरात मात्र एक गंमत झाली. मराठी बायबलात गेहेन्नाच्या जागी 'नरक' आला आणि दरी हरवली. उर्दू बायबलात 'जहन्नम' आहे, म्हणजे जुने नाव शाबूत राहिले. अरबीत ते बहुधा इथिओपियाच्या गीझ भाषेतून आले, असे बरेच अभ्यासक मानतात.

१९७९ मध्ये याच दरीच्या कडेला, केतेफ हिन्नोम येथे, गाब्रिएल बारकाय यांना एका जुन्या कबरीत चांदीच्या पत्र्याच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या सापडल्या. त्या उलगडायला काही वर्षे लागली. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या गुंडाळ्यांवर मृतांसाठी शाप किंवा आगीची धमकी कोरलेली नव्हती. ईश्वर तुझे रक्षण करो आणि तुला शांती देवो, अशा आशयाची दुआ होती. अरब लोक या दरीला वादी अर-रबाबा म्हणतात.