फाशीच्या खटल्यांतील जातीय व वांशिक पूर्वग्रह

फाशीच्या खटल्यांतील जातीय व वांशिक पूर्वग्रह : आरोपीचा किंवा मृताचा वंश, जात, जमात वा धर्म यांच्या प्रभावाने दोष आणि शिक्षा ठरवली जाण्याची प्रवृत्ती. अमेरिकेत हा प्रश्न मुख्यतः ज्यूरीच्या संदर्भात चर्चिला जातो. भारतात फौजदारी खटल्यांतून ज्यूरी गेली, तरी पूर्वग्रह गेला नाही. संशयित कोणाला धरायचे, ओळखपरेडीत कोणाला उभे करायचे, वकील कोणता मिळतो आणि शिक्षा ठरवताना न्यायालयापुढे काय मांडले जाते, या प्रत्येक टप्प्यावर तो शिरू शकतो. नाशिक जिल्ह्यातील बेलतगव्हाणचा खटला (२००३–२०१९) हे त्याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण होय.

वसाहतकाळातील पार्श्वभूमी : ब्रिटिश अमदानीत न्यायदानातील वंशभेद कायद्यातच लिहिलेला होता. युरोपीय ब्रिटिश आरोपीला निम्मे तरी सदस्य युरोपीय किंवा अमेरिकन असलेली ज्यूरी मागता येई. युरोपीयांचे खटले एतद्देशीय न्यायाधीशांपुढे चालवू देणाऱ्या इल्बर्ट विधेयकावरून १८८३ मध्ये उठलेल्या वादळानंतर ही सवलत पक्की झाली. एतद्देशीय आरोपींचे नशीब मात्र अनेकदा युरोपीय बहुमताच्या हाती असे. लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचे दोन खटले याची साक्ष देतात. १८९७ मध्ये नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपीय होते आणि निकाल ६ विरुद्ध ३ असा लागला. १९०८ मध्ये सात युरोपीय व दोन पारशी सदस्य होते. निकाल ७ विरुद्ध २ लागला आणि न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. हे खटले फाशीचे नव्हते. पण ज्यूरीतील मते वंशाच्या रेषेवर कशी दुभंगतात, हे त्यांनी मराठी वाचकांना दाखवून दिले. 

नाशिकमध्ये याचे दुसरे रूप दिसले. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात संगीत शारदा नाटकाच्या प्रयोगासाठी आलेले कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. हत्येपासून फाशीपर्यंत चार महिनेही गेले नाहीत. खटला मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या विशेष पीठापुढे, १९०८ च्या विशेष कायद्यानुसार, ज्यूरीविना चालला. युरोपीय आरोपीला आपल्या वंशाची ज्यूरी मागण्याचा हक्क होता, आणि नाशिकच्या या तरुणांना कोणतीच ज्यूरी नव्हती. गोळ्या कोणी झाडल्या याविषयी वाद नव्हता. जीव घेणारी शिक्षा देताना दोन प्रजाजनांना दोन मापे लावली गेली, हा या खटल्याचा प्रस्तुत विषयाशी संबंध.

ज्यूरीचा अस्त : स्वातंत्र्यानंतर ज्यूरीपद्धती राज्याराज्यांतून मागे पडत गेली. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील १९५९ मधील खुनाच्या खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी आरोपी निर्दोष असल्याचा कौल दिला. सत्र न्यायाधीशांनी तो न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे झालेली जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये कायम केली. वृत्तपत्रांचा प्रचार आणि समाजासमाजांतील निष्ठा यांपुढे ज्यूरी टिकत नाही, ही टीका या खटल्याने बळावली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. न्यायाधीशाला कारणे लिहून निकाल द्यावा लागतो आणि फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, ही भारतीय पद्धतीची जमेची बाजू. मात्र लिहिलेली कारणेही हाती आलेल्या पुराव्यावरच उभी राहतात, आणि पुरावा गोळा करणारा हात पूर्वग्रहाचा असेल तर वरची सारी इमारत कलते.

बेलतगव्हाण खटला : ५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळच्या बेलतगव्हाण शिवारात बागेतील झोपडीवर दरोडा पडला. जेवणे उरकून घरातली माणसे आणि एक पाहुणा गप्पा मारत बसले असताना सशस्त्र टोळी आत शिरली. पाच जणांचा खून झाला, स्त्रियांवर अत्याचार झाले. घरातील आई आणि एक मुलगा जखमी अवस्थेत वाचले. पुढे तेच प्रत्यक्षदर्शी साक्षीदार ठरले.

७ जून रोजी, म्हणजे घटनेला दोन दिवसही पुरते झाले नसताना, पोलिसांच्या रेकॉर्डवरील गुन्हेगारांची छायाचित्रे या आईला विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर दाखवण्यात आली. तिने त्यांतून चार जण ओळखले. त्या चौघांवर कधीच खटला भरला गेला नाही. आरोपी म्हणून उभे राहिले ते भटक्या जमातीतील सहा मजूर. छायाचित्रांतून ओळखलेले चौघे या सहांपैकी नव्हते. पुढे ओळखपरेड झाली, साक्षीदारांनी न्यायालयातही आरोपींकडे बोट दाखवले आणि आईने सर्वांत आधी दिलेली ओळख कागदपत्रांत पडून राहिली.

२००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, राज्य सरकारचे अपील मान्य करत, सहाही जणांची फाशी पुन्हा लागू केली. अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने हा निकाल ओळखला जातो. सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे त्यानंतर निष्पन्न झाले. तोवर तीन पायऱ्यांच्या न्यायालयांनी त्याला प्रौढ समजून फाशीची शिक्षा दिलेली होती. गरिबाच्या पोराच्या जन्माचा दाखला कोणी मागितला नाही, की त्याचे वय न्यायालयाला कळत नाही.

पुनर्विलोकन याचिकाही बंद दालनात फेटाळली गेली. २०१४ मध्ये मोहम्मद आरिफ प्रकरणात घटनापीठाने फाशीच्या कैद्यांच्या पुनर्विलोकन याचिका खुल्या न्यायालयात ऐकण्याचा दंडक घातला, म्हणून हे दार पुन्हा उघडले. ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शाह यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले. आरोपी भटक्या जमातीतील, समाजाच्या तळच्या थरातील अत्यंत गरीब मजूर आहेत आणि त्यांना खोटे गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असा निष्कर्ष पीठाने काढला. प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई, चुकार तपास अधिकाऱ्यांवर कारवाई आणि छायाचित्रांतून ओळखल्या गेलेल्या चौघांबाबत पुढील तपास, असे आदेश झाले. सहा जणांची जवळपास सोळा वर्षे तुरुंगात गेली होती.

या खटल्यात अन्याय दोन घरांवर झाला. सहा मजुरांचे तारुण्य गेलेच. पण जिच्या डोळ्यांदेखत घर उद्ध्वस्त झाले, त्या आईचा पहिला शब्द तपास यंत्रणेने बाजूला टाकला. पूर्वग्रहाने आरोपी हाती लागतो तेव्हा खरा गुन्हेगार मोकळा राहतो, आणि मृतांच्या आप्तांनाही न्याय मिळत नाही.

गुन्हेगार ठरवलेल्या जमाती : या खटल्याची मुळे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहेत. त्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. ठाण्यावर हजेरी, गाव सोडताना परवाना आणि तारेच्या कुंपणातील वसाहत असा तो बंदोबस्त होता. सोलापूरची सेटलमेंट महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, पण सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी आणि पोलिसांच्या वहीने जुनी नजर जपली. आजही चोरी झाली की गावाबाहेरच्या पालावरची माणसे आधी उचलली जातात. पोलिसांच्या भाषेत ही नेहमीची ‘चौकशी’ असते. पालावरच्यांसाठी ती शिक्षेची सुरुवात असते.

शिक्षा ठरवताना : बचनसिंग निकालाने (१९८०) फाशी केवळ विरळात विरळ प्रकरणी द्यावी आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार करावा, असे ठरवले. १९९६ च्या रावजी निकालाने मात्र गुन्ह्याचे स्वरूपच पाहण्यावर भर दिला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या बरियार प्रकरणात ती चूक दाखवून दिली, पण तोवर अनेक फाशीच्या शिक्षा तिच्या आधाराने झाल्या होत्या. २०१२ मध्ये १४ माजी न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशा १३ कैद्यांची फाशी जन्मठेपेत बदलावी, अशी विनंती केली. त्यांत नाशिकच्या खटल्यातील कैदीही होते. माणसाचे बालपण, शिक्षण, मजुरी, आजार यांपैकी काहीच न्यायालयापुढे येत नाही, तेव्हा समोर उरते ती फक्त त्याच्या जमातीची प्रतिमा.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०१६ च्या अहवालानुसार देशातील फाशीच्या कैद्यांपैकी ७४.१ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल, तर ७६ टक्के मागास वर्गांतील किंवा धार्मिक अल्पसंख्याक होते. अनुसूचित जाती व जमातींचे प्रमाण २४.५ टक्के होते. या आकड्यांवरून कोणा एका न्यायाधीशाचा हेतू सिद्ध होत नाही. पण फास कोणाच्या मानेपर्यंत पोहोचतो, हे त्यांतून दिसते.

जात बळीच्या बाजूनेही खटल्यात येते. जानेवारी २०१३ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील सोनई येथे आंतरजातीय प्रेमसंबंधांवरून तीन दलित तरुणांची हत्या झाली. साक्षीदारांवर स्थानिक दडपण येऊ नये म्हणून खटला नाशिकला वर्ग झाला आणि २० जानेवारी २०१८ रोजी तेथील सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. एकाच शहराच्या न्यायालयात जातीचे दोन्ही चेहरे दिसले : एकीकडे दुबळ्यांचा गळा धरणारा, दुसरीकडे बलवानांना अभय देणारा. खटल्याची जागा बदलून दुसऱ्यावर उपाय शोधला गेला. पहिल्यावर असा उपाय सहज सापडत नाही.

अमेरिकेतील तुलना : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बॅट्सन निकालात (१९८६) केवळ वंशावरून कृष्णवर्णीयांना ज्यूरीतून वगळण्यास मनाई केली. पुढच्याच वर्षी मॅक्लेस्की प्रकरणात जॉर्जिया राज्यातील पाहणी न्यायालयापुढे आली. गोऱ्या व्यक्तीच्या खुनाच्या आरोपीला फाशी होण्याची शक्यता कृष्णवर्णीयाच्या खुनाच्या आरोपीपेक्षा ४.३ पट होती. तरीही ५ विरुद्ध ४ मतांनी न्यायालयाने आकडेवारी पुरेशी मानली नाही. आरोपीने आपल्याच खटल्यातील भेदभाव सिद्ध करावा, असे सांगितले. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल यांनी निवृत्तीनंतर आपण आता वेगळे मत दिले असते, असे म्हटले. ज्यूरीच्या बंद खोलीत एखाद्या सदस्याने उघड वंशद्वेषी विधान केल्यास न्यायालयाला त्याची दखल घेता येईल, हे ठरण्यास २०१७ साल उजाडावे लागले.

उपाय व सद्यःस्थिती : २०२२ च्या मनोज निकालाने फाशी मागणाऱ्या राज्याने आरोपीची मानसिक, सामाजिक व कौटुंबिक माहिती न्यायालयापुढे ठेवावी, असे बंधन घातले. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ सामाजिक पार्श्वभूमीवरून हिस्ट्रीशीट (पोलिसांकडील गुन्हेगारीची नोंद) उघडण्यास मनाई केली, आणि सुकन्या शांता प्रकरणात तुरुंग नियमावल्यांतील जातिभेदाच्या तरतुदी रद्द करून विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणारे उल्लेख घटनाबाह्य ठरवले. हे निकाल मोलाचे आहेत, पण ते पाळले जातात की नाही हे पोलीस ठाण्याच्या पातळीवरच ठरेल. साक्षीदाराने आधी दिलेली ओळख बचाव पक्षाला तत्काळ मिळणे, पहिल्या दिवसापासून सक्षम मोफत वकील लाभणे आणि अटकेच्या वेळी वयाची खातरजमा होणे या तीन साध्या गोष्टी नाशिकमध्ये २००३ साली घडल्या असत्या, तर सहा निर्दोष माणसांना आपली सुटका होण्यासाठी एका नव्या दंडकाची वाट पाहावी लागली नसती. फाशी झाल्यावर चूक दुरुस्त होत नाही. म्हणून या शिक्षेच्या बाबतीत निष्पक्ष तपास ही शिक्षेच्या वैधतेची पहिली अट मानली पाहिजे.