नांदेड-लातूर : अंतर आणि प्रवासकाल

दोन नगरांमधील अंतर ही भूगोलाची बाब होय. परंतु ते अंतर तोडण्यास लागणारा काळ हा इतिहासाने ठरविलेला असतो. मराठवाड्यातील नांदेड व लातूर यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. आकाशरेषेने ही नगरे एकमेकांपासून सुमारे 115 किलोमीटरांवर आहेत. लोहा-अहमदपूर मार्गाने सडकेचे अंतर 140 किलोमीटरांच्या आसपास भरते. लोहमार्गाने मात्र पूर्णा, परभणी, गंगाखेड, परळी व लातूर रोड असा वळसा पडून दोनशेहून अधिक किलोमीटरांचा प्रवास करावा लागतो.

हा वळसा निसर्गनिर्मित नव्हे. दोन्ही नगरे 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होती. तथापि त्यांचे लोहमार्ग परस्परांकडे पाठ फिरवूनच आले. 1900 च्या सुमारास पुरा झालेला हैदराबाद-गोदावरी खोरे मार्ग मीटरमापी होता. त्याने नांदेडला एका बाजूस सिकंदराबादशी व दुसऱ्या बाजूस मनमाडशी जोडले. लातूरची गोष्ट निराळी. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याची अडीच फूट रुंदीची बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये बार्शीस आणि 1911 मध्ये लातूरला पोहोचली. त्यामुळे लातूरच्या बाजारपेठेचा ओढा ब्रिटिश मुलखातील बार्शी व कुर्डुवाडीकडे, आणि तेथून मुंबईकडे वळला. पुढे विकाराबाद-बिदरकडून परळीपर्यंत रुंदमापी मार्ग आला. पण त्यावरील लातूर रोड हे स्थानक लातुरात नसून चाकूरनजीक आहे.

अशा रीतीने एकाच प्रदेशात तीन मापांचे रूळ आले. माप बदलले की गाडी बदलावी लागे, माल उतरवून पुन्हा भरावा लागे. लोहमार्गांच्या आखणीत राजधानी व बंदर यांना जे महत्त्व मिळाले, ते शेजारच्या दोन बाजारपेठांच्या परस्परसंबंधांना मिळाले नाही. नांदेडच्या बाजूचे मीटरमापी रूळ 1990 च्या दशकात रुंद झाले. लातूर-कुर्डुवाडी मार्गाचे रूपांतर 2008 मध्ये पूर्णत्वास गेले. मापांचा भेद मिटला, पण वळसा राहिला. कारण बहुतांशी जुन्या आखणीवरच नवे रूळ पडले.

विमानवाहतुकीने या विसंगतीवर अधिकच प्रकाश टाकला. गुरू गोविंदसिंगांच्या 1708 मधील निर्वाणामुळे नांदेड हे शिखांचे तीर्थक्षेत्र बनले. त्या संबंधातूनच 2017 मध्ये नांदेड-अमृतसर अशी थेट विमानसेवा सुरू झाली. सुमारे 1400 किलोमीटरांचे हे अंतर त्या विमानसेवेने अडीच तासांच्या आसपास कापले जाई. लातूरला सडकेने जावयाचे तरी साधारण तेवढाच वेळ मोडतो, आणि आगगाडीने त्याहून अधिक.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ प्रवासापुरते नाही. 1994 मध्ये नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि लातूरची महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. 2009 मध्ये विभागीय आयुक्तालय नांदेडला देण्याचा निर्णय होताच लातुरातून तीव्र विरोध झाला. मुख्यालय कोठे असावे, या वादाच्या मुळाशी कोणी कोणाकडे जावयाचे, हाच प्रश्न होता. ज्या दोन नगरांना इतिहासाने एकमेकांकडे जाण्याची सरळ वाट दिली नाही, त्यांच्यात स्पर्धेची भावना बळावली, तर त्यात नवल नाही. मराठवाड्याच्या मागासलेपणाची चर्चा करताना मुंबईपासूनचे अंतर नेहमी मोजले जाते. प्रदेशांतर्गत अंतरेही तितक्याच काळजीने मोजली गेली पाहिजेत.