मास्तरांची सुट्टी

शिक्षणात नवं यंत्र आलं की पहिली बातमी ठरलेली : आता मास्तरांची गरज नाही. दुसरी बातमी यायला दहा-वीस वर्षं लागतात, आणि ती कोणी छापत नाही : मास्तर अजून आहेत.

या मास्तर-हटाव मोहिमेचा इतिहास मी हौसेने एका वहीत टिपून ठेवतो. पहिली नोंद मद्रासची. अठराव्या शतकाच्या शेवटी अँड्र्यू बेल नावाच्या पाद्रीसाहेबाने तिथल्या देशी शाळेत पोरं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिली. कागद नको, शाई नको. चुकलं की हात फिरवला, पाटी कोरी! साहेब खूष. मोठ्या पोरांनी लहानांना शिकवायचं, म्हणजे एक मास्तर पुष्कळांना पुरतो, असा हिशेब मांडून १७९७ साली त्याने विलायतेत पुस्तकच छापलं.

१९१३ साली एडिसनसाहेबांनी जाहीर केलं, की शाळेतली पुस्तकं लवकरच बाद होतील. सगळं सिनेमातून शिकता येईल. मुदत दिली दहा वर्षांची. माझ्या नातवाचं दप्तर मी उचलून पाहिलं आहे. एडिसनसाहेबांनीही एकदा उचलायला हवं होतं.

मग ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून दूरदर्शन आलं. उपग्रह अमेरिकेचा, उसना. आणि अँटेना खुराड्याला लावतात त्या जाळीची! सकाळी पोरांसाठी कार्यक्रम असे. वीज गेल्यावर वर्ग कोण सांभाळत असेल, ते सांगायला नको.

१९८४ नंतर शाळांतून संगणक येऊ लागला. कित्येक ठिकाणी त्याच्या खोलीत चपला काढून जावं लागे. हा मान तोवर फक्त देवघराला होता.

मार्च २०२० मध्ये शाळाच बंद पडल्या आणि यंत्राला प्रथमच मोकळं मैदान मिळालं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या घरी फोन एक, पोरं दोन. फोन घेऊन बाप सकाळीच कामावर. तो रात्री परतला की थोरल्याचा अभ्यास, मग उरलंच नेट तर तिसरीतल्या धाकटीचा. मी तिला विचारलं, "काय गं, कळतं का फोनवर?" म्हणाली, "आजोबा, बाई तोंड बघून विचारायच्या, समजलं का. फोन नाही विचारत." आता ती मोठी झाली आहे, पण भागाकार दिसला की अजून दचकते. त्या वर्षाचा हात कोणी धरलाच नाही.

त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणल्याबद्दल त्यांचं कौतुक झालं. नीट पाहा हं, बक्षीस कोडला नाही मिळालं, गुरुजींना मिळालं!

आता विचारलं की उत्तर देणारं, वर निबंधही लिहून देणारं यंत्र आलं आहे. मास्तरांची गरज नाही, असं पुन्हा कानावर येतंय. मी वहीत नोंद केली आहे. खाली थोडी जागाही सोडली आहे, दुसऱ्या बातमीसाठी.