कऱ्हाटीतल्या फोटोग्राफरची जादा बॅटरी

कॅमेऱ्याच्या जादा बॅटरीत ‘कंपनीची’ आणि ‘लोकल’ हा भेद कऱ्हाटीत, म्हणजे बारामती-इंदापूरकडे, व्हिडिओ कॅमेऱ्याच्या पाठोपाठ आला. त्याआधी स्टुडिओवाल्याला हा प्रश्न पडतच नव्हता. आग्फा क्लिक थ्री या जुन्या कॅमेऱ्याला बॅटरीच लागत नसे. पुढच्या यांत्रिक कॅमेऱ्यांत प्रकाशमापकापुरता एक बटण-सेल असे आणि तो महिनोन्‌महिने चाले. वीज खायचा तो फ्लॅश. त्यात चार पेन्सिल सेल बसत आणि ते एव्हरेडी, जीप, नोव्हिनो, निप्पो कोणाचेही चालत, कारण आकार आणि दीड व्होल्टचा दाब सगळ्यांचा एकच. तालुक्याच्या स्टुडिओतच काय, गावच्या किराणा दुकानातही ते मिळत. पारख करायची ती भावाची आणि सेल पाझरतो की नाही याची. पाझरलेल्या सेलने फ्लॅशच्या आतल्या धातूच्या पट्ट्या गंजत, म्हणून लग्न उरकले की सेल काढून ठेवायचे, हा धंद्यातला पहिला धडा होता.

लग्नाची व्हिडिओ कॅसेट निघू लागली तशी ही मोकळीक संपली. खांद्यावरच्या मोठ्या व्हीएचएस कॅमेऱ्यांना १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी लागे. ती जड, चार्ज व्हायला वेळखाऊ आणि रिकामी पडून राहिली की कायमची बसणारी. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली ती व्हिडिओ कॅमेऱ्यासाठीच. त्यानंतर आलेली तिची एनपी-एफ मालिका कॅमेऱ्याला किती मिनिटे उरली तेही सांगे. खाचा, पट्ट्या, आतले सर्किट सगळे सोनीचे. बॅटरी आता किराणा दुकानातून आणता येईना.

पण हीच मालिका पुढे सगळ्यांची झाली. चिनी कारखान्यांनी तिची नक्कल केली. मग एलईडी लाइट आणि छोटे मॉनिटर बनवणाऱ्यांनीही बॅटरी बसवायला तोच साचा धरला. सोनीचा कॅमेरा कधी हाताळला नाही असा लाइट धरणारा पोरगाही आज मांडवात एनपी-एफ बदलतो, आणि ती बहुधा लोकलच असते. त्यात गैर काही नाही. लाइट विझला तर दुसरी बॅटरी चढवायला अर्धे मिनिट पुरते.

कॅमेऱ्याचे तसे नाही. कॅननची एलपी-ई६ ही बॅटरी २००८ मध्ये फाइव्ह-डी मार्क टूबरोबर आली, निकॉनची ईएन-ईएल१५ २०१० मध्ये डी-७००० बरोबर. लग्नाच्या फोटोग्राफीत या दोन बॅटऱ्यांनी मोठा काळ काढला. एलपी-ई६ च्या कवचात दोन सेल एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणून दाब ७.२ व्होल्ट. सोबत जादा चार्ज आणि शॉर्ट-सर्किट रोखणारे सर्किट, आणि कॅमेऱ्याला टक्केवारी कळवणारी चिप. स्वस्त लोकल बॅटरीत पहिली काटछाट बहुधा इथेच होते. पडद्यावर चाळीस टक्के दिसतात आणि कॅमेरा बंद पडतो.

डबीवरचा क्षमतेचा आकडा तर फारच फसवा. कॅननची ही बॅटरी २००८ मध्ये १८०० एमएएच होती, २०१४ मध्ये १८६५ आणि २०२० मध्ये २१३०. बाहेरचा आकार तोच ठेवून कंपनीला बारा वर्षांत ३३० एमएएच वाढवता आले. कंपनी १८६५ वर अडली होती, त्याच काळात लोकल डबीवर २६०० छापलेले असे. हे वाचून कोणी जास्त पैसे मोजले असतील तर ते छपाईचेच.

तरीही लोकल बॅटरी खपली आणि त्याला कारण होते. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्रात रोज कित्येक तास भारनियमन असे. रात्री सगळ्या बॅटऱ्या चार्ज होतील याची खात्री नसे, म्हणून दोन-तीन जादा लागत. कंपनीच्या एका बॅटरीच्या पैशात लोकल दोन-तीन येत. त्यातून एक वहिवाट पडली: आंतरपाट आणि मंगलाष्टकांना कॅमेऱ्यात कंपनीची, हळदीला आणि वरातीला लोकल. अक्षता पुन्हा पडत नाहीत, वरात मात्र तासभर नाचत असते. एप्रिल-मेच्या लग्नसराईत कऱ्हाटीचे ऊनही मध्ये पडते. बंद गाडीत तापलेली बॅटरी फुगते आणि फुगलेली बॅटरी कॅमेऱ्याच्या खाचेत अशी अडकते की उपसून काढावी लागते.

लोकलमध्येही दोन जाती आहेत आणि त्या एकत्र करणे अन्यायाचे आहे. डिजिटेक, ओसाका, सिम्पेक्स ही मंडळी स्वतःच्या नावाने विकतात. कॅननचे नाव छापून विकली जाणारी नकली बॅटरी मात्र उघड फसवणूक. अशा बॅटरीशी संवाद जुळला नाही की काही कॅमेरे पडद्यावर थेट विचारतात, बॅटरीवर कॅननचे चिन्ह आहे का? भारतात रिचार्जेबल बॅटऱ्यांना आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी सक्तीची झाली, त्यामुळे वेष्टनावरचा नोंदणी क्रमांक पाहता येतो. कंपनीचे नाव म्हणजे अभय, असेही नाही. निकॉनने २०१२ मध्ये ईएन-ईएल१५ च्या काही खेपा जास्त तापण्याच्या धोक्यामुळे परत मागवल्या होत्या.

इंदापूर तालुक्यात या धंद्याला दुसरे गिऱ्हाईक मिळाले ते भिगवणला. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्याच्या उथळ पाण्यावर हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात आणि कुंभारगावचे मच्छीमार पर्यटकांना होडीतून तिकडे नेतात. होडीत चार्जिंगची सोय नसते आणि थवा उडाला की शेकडो फोटो निघतात. त्यात जास्त वीज खाणारे मिररलेस कॅमेरे आले. फाइव्ह-डी मार्क टूला एका चार्जवर सुमारे ८५० फोटो मिळत, सोनीच्या २०१३ च्या ए-सेव्हनला सुमारे ३४०. सोनीने २०१७ मध्ये २२८० एमएएचची एनपी-एफझेड१०० आणून ती तूट भरली. आता पॉवर बँकेवरून कॅमेऱ्यातच चार्जिंग होते, पण काही लोकल बॅटऱ्या तिथे दाद देत नाहीत.

२०२४ मध्ये आर-फाइव्ह मार्क टूबरोबर कॅननने एलपी-ई६पी आणली. या कॅमेऱ्यात एलपी-ई६एनएच ही आधीची, २०२० ची बॅटरी बसते, चालते, पण काही सुविधा मिळत नाहीत. दरवेळी कंपनीचीच बॅटरी घेणाऱ्याच्या पेटीतही आता दुय्यम दर्जाच्या बॅटऱ्या निघतात, आणि त्यांच्यावर कॅननचेच नाव असते.