दोन हजारांची सोडवणूक

रखमाबाईंचा खटला मी वर्गात शिकवतो, तेव्हा तुरुंगाच्या गोष्टीशी मुली कान टवकारतात. खटला मिटला कसा, हे सहसा कोणी विचारीत नाही.

अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी सासरी नांदायला गेली नाही. १८८४ साली पती दादाजी भिकाजी यांनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. पण अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम झाला : महिन्याच्या आत नांदायला जा, नाही तर सहा महिने कैद. बाई म्हणाल्या, कैद पत्करीन!

अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकूमनाम्यावर पाणी सोडले. कैद टळली. मात्र त्या तडजोडीने लग्न काही मोडले नाही. रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. सुरत-राजकोटला त्यांनी रोगी बायकांची सेवा केली. तरीही १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा त्यांनी विधवेची पांढरी वस्त्रे नेसली.

१९५५ साली हिंदू विवाह कायदा आला. त्याच वर्षी त्या निवर्तल्या. परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची सोय त्या कायद्यात १९७६ साली झाली. आता दोघे समोरासमोर बसून घरदार, दागिने, मुले यांचा करार करतात आणि खरोखर मोकळे होतात.

यंदा एका मुलीने विचारले, “सर, पैसे देऊन सुटल्या, मग पांढरे का नेसल्या?”

तास संपला होता. उत्तर मी अजून शोधतो आहे.